एमएन रक्तगट: मोजून पी येतो ०.५०, वर्गमूळ काढून ०.५४. जर्नलमध्ये कुठलं लिहू?

तिसरं_वर्ष

नमस्कार मंडळी. टीवायबीएस्सी, लाइफ सायन्स, मुंबई. सोमवारी जर्नल सबमिशन आहे आणि पार्टनरशी कालपासून वाद चालू आहे, म्हणून धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर ॲडमिनने हलवावा.

गणित असं आहे. २०० माणसांचे एमएन रक्तगट दिलेत: एमएम ५८, एमएन ८४, एनएन ५८. दोन्ही ॲलीलची (एम आणि एन, एकाच जनुकाची दोन रूपं) फ्रिक्वेन्सी काढा, एमची पी आणि एनची क्यू, आणि पॉप्युलेशन हार्डी-वाइनबर्ग समतोलात आहे का (म्हणजे एमएम, एमएन, एनएन यांचं प्रमाण पी², २पीक्यू, क्यू² असं आहे का) ते सांगा.

मी सरळ मोजलं. प्रत्येकाकडे दोन ॲलील, म्हणजे एकूण ४००. एमएमवाल्यांकडे दोन-दोन एम, एमएनवाल्यांकडे एकेक. ११६ + ८४ = २००. म्हणून पी = २००/४०० = ०.५०, आणि क्यूसुद्धा ०.५०.

पार्टनर म्हणते एवढा खटाटोप कशाला? एमएम म्हणजे पी². ५८/२०० = ०.२९, त्याचं वर्गमूळ ०.५४, झालं. क्लासच्या नोट्समध्येही असंच सोडवलंय.

काय-स्क्वेअर (दिसलेले आकडे अपेक्षित आकड्यांपासून किती लांब ते) मात्र आम्ही माझ्या ०.५० वरून काढला. ५.१२ आला. तिने डिग्री ऑफ फ्रीडम (मोकळे उरणारे वर्ग) २ धरले, टेबलात मर्यादा ५.९९ दिसली, ५.१२ तिच्या आत, आणि 'समतोलात आहे' लिहून मोकळी झाली. मला ते २ पटत नाहीत, पण का ते सांगता येत नाहीये.

खारे_दाणे

पार्टनरला म्हणावं, एनएनचंही वर्गमूळ काढ. मग दोन्हींची बेरीज कर. उत्तर आलं की तिचा फोन उचलू नकोस.

तिसरं_वर्ष

०.५४ + ०.५४ = १.०८. पी अधिक क्यू एकापेक्षा जास्त!! स्क्रीनशॉट पाठवलाय तिला.

आकडेमोड

पार्टनरवर फार डाफरू नका, ही गल्लत नोट्समधूनच पसरते. 'रिसेसिव्हची (दोन्ही प्रती असल्या तरच दिसणाऱ्या गुणाची) टक्केवारी घ्या, वर्गमूळ काढा' हे प्रवेश परीक्षांसाठी इतकं घोटून घेतलेलं असतं की पुढे मुलं समोर दिसणारी गोष्टसुद्धा मोजत नाहीत.

वर्गमूळ हा नाइलाजाचा उपाय आहे. हेटेरोझायगस, म्हणजे दोन वेगळी ॲलील असलेला, ओळखूच येत नसेल तेव्हा तो करायचा. एमएनमध्ये ती अडचणच नाही. लँडस्टायनर आणि लेव्हिन यांनी १९२७ साली हा गट शोधला, आणि पॉप्युलेशन जेनेटिक्स शिकवणाऱ्यांचा तो लाडका आहे तो याचसाठी. दोन्ही ॲलील कोडॉमिनंट, म्हणजे जोडीत दोन्ही दिसतात. अँटी-एम आणि अँटी-एन ही सीरमं वापरली की तिन्ही जीनोटाइप (ॲलीलच्या जोड्या) वेगळे दिसतात. मग मोजायचं, बस्स. मोजणीला कुठलंही गृहीतक लागत नाही. लग्नं कशीही होवोत, कोणी कुठून येवो, या २०० जणांत एम किती याचं उत्तर तेच राहतं.

आणि वर्गमूळ काढलंत की समतोल आहे असं तुम्ही आधीच धरून चाललात. त्याच पीवरून पुन्हा समतोल तपासायचा म्हणजे चोरालाच पंचनाम्याला बसवण्यासारखं आहे.

आता डिग्री ऑफ फ्रीडम. वर्ग तीन. एक गेला कारण एकूण २०० ठरलेले आहेत. आणखी एक गेला कारण पी तुम्ही बाहेरून आणला नाहीत, याच आकड्यांतून काढलात. क्यूसाठी वेगळा वजा करायचा नाही, तो पीबरोबर आपोआपच ठरतो. उरला १. टेबलात ०.०५ च्या रकान्यात १ समोर ३.८४ आहे. ५.१२ त्याच्या वर, म्हणजे समतोल नाही. त्या एका डिग्रीने निकाल उलटलाय. प्रश्न काढणाऱ्याने आकडे मुद्दाम असे ठेवले असणार, हुशार दिसतोय.

आता मला खटकलेली गोष्ट. अपेक्षित होते ५०, १००, ५०. हेटेरोझायगस १६ ने कमी पडलेत आणि दोन्ही टोकं सारखी फुगलीत. जर्नलमध्ये एकच तक्ता आहे का हो?

तिसरं_वर्ष

नाही काका! दोन रकाने आहेत. गट अ: ४९, ४२, ९. गट ब: ९, ४२, ४९. बेरीज करून घ्या असं प्रॅक्टिकलला सांगितलं होतं, म्हणून मी फक्त बेरीज इथे दिली.

आकडेमोड

वाटलंच. आता रकाने वेगवेगळे सोडवा.

गट अ: एमचे ९८ + ४२ = १४०, भागिले २००, पी = ०.७०. यावरून अपेक्षित ०.४९, ०.४२, ०.०९. म्हणजे १०० माणसांत ४९, ४२, ९. तंतोतंत. गट ब मध्ये पी = ०.३०, तिथेही तंतोतंत. (खरी माणसं इतकी आज्ञाधारक नसतात. आकडे बनवलेले आहेत.)

म्हणजे दोन्ही गट आपापल्या घरी समतोलात, आणि बेरीज मात्र समतोलात नाही. निवड नाही, म्युटेशन नाही, काही घडलेलंच नाही. आपण दोन रकाने एकत्र केले एवढंच. स्टेन वालुंड या स्वीडिश माणसाने १९२८ साली हे मांडलं, म्हणून वालुंड इफेक्ट. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे गट एकत्र मोजले की हेटेरोझायगस कमी दिसतात. किती कमी, तेही ठरलेलं आहे. दोन्ही पी सरासरीपासून ०.२० दूर, वर्ग ०.०४, त्याला पी गुणिले क्यू म्हणजे ०.२५ ने भागा, ०.१६. इकडे १०० पैकी १६ कमी, तेही ०.१६.

जर्नलमध्ये तिन्ही उत्तरं लिहा: गट अ, गट ब आणि बेरीज. परीक्षक जागा असेल तर खूश होईल.

संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावर उभं राहिलं तर जे दिसतं ती गर्दी. जेनेटिक्सच्या हिशेबात पॉप्युलेशन म्हणजे ज्यांच्यात सोयरीक होते ते लोक. 'मुंबईची ॲलील फ्रिक्वेन्सी' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या मुंबईची?

बोरिवली_स्लो

थोडं खटकलं. मुंबईत आता कोण एवढं बघतं? आमच्या ऑफिसात निम्मी लग्नं बाहेरची आहेत. आणि समतोल यायला रँडम मेटिंगची एकच पिढी पुरते असं कॉलेजात शिकल्याचं आठवतं. मग मुंबईत तो एव्हाना यायला नको का?

आकडेमोड

एक पिढी पुरते हे बरोबर. वरचे दोन्ही गट खरोखर मिसळले, कोण कुठल्या गटातलं हे न पाहता लग्नं झाली, तर पुढच्या पिढीत २०० मागे ५०, १००, ५० हजर. पण अट 'न पाहता' ही आहे. तुमच्या ऑफिसातली उरलेली निम्मी लग्नं कशी जमली तेही विचारा. विवाह मंडळाच्या फॉर्मवर पोटजातीचा रकाना अजून आहे, आणि तो रिकामा ठेवला तर फोन येतो.

खारे_दाणे

अनुभवाचे बोल दिसतात.

आकडेमोड

मुलीच्या वेळी भरलाय फॉर्म. असो.

लाल_शाई

रक्तपेढीत नोकरी झाली, आता निवृत्त. बोरिवली_स्लो, याच विषयातलं खास मुंबईचंच उदाहरण देते.

बॉम्बे ब्लड ग्रुप. परळला केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली तो जगासमोर आणला, लॅन्सेटमध्ये छापून आला. या माणसांच्या पेशींवर एच अँटिजेनच (पेशीवरची एक खूण) नसतं. ए आणि बी दोन्ही एचवर चढतात, त्यामुळे पाया नाही तर इमारत नाही. एचचं जनुक १९ व्या क्रोमोसोमवर, एबीओचं ९ व्या. म्हणजे माणसाकडे बीचं ॲलील असेल, तो पोरांना देईलही, पण त्याच्या स्वतःच्या पेशीवर ते दिसणार नाही.

बेंचवर हे असं दिसतं. अँटी-ए टाकलं, गुठळ्या नाहीत. अँटी-बी टाकलं, नाहीत. नवखा माणूस 'ओ' लिहून पुढे जातो. पण उलटी तपासणी केली, म्हणजे पेशंटचं सीरम घेऊन त्यात आपल्याकडच्या ओ पेशी टाकल्या, की फटाफट गुठळ्या. ओला ओ चालत नाही म्हणजे काय? तिथे हात थांबतो. मग अँटी-एच लावून खात्री करायची. अशा माणसाला फक्त बॉम्बे ग्रुपचंच रक्त चालतं.

आता गणित. ज्यांचे दोन्ही एच बिघडलेले, तेच फक्त सापडतात. एक एच चांगला, एक बिघडलेला, अशी माणसं नेहमीच्या तपासणीत तुमच्या-माझ्यासारखीच. म्हणजे इथे आकडेमोड म्हणतात तो नाइलाज खरा. आपल्याकडे साधारण १०,००० मध्ये एक असं सांगतात. वर्गमूळ ०.०१. वाहक २पीक्यू, म्हणजे २ × ०.९९ × ०.०१, जवळपास २ टक्के. ५० माणसांत एक! सोसायटीच्या एजीएमला एखादा हमखास.

बोरिवली_स्लो

हे भारीच. पण मग इथे वर्गमूळ चाललं की.

लाल_शाई

चाललं म्हणजे आकडा आला. खरा किती, ते आकडेमोड सांगतील. मी फक्त एवढं सांगते की हे रुग्ण विखरून येत नाहीत. एक सापडला की आधी भावंडांना बोलवायचं ही आमची पद्धत, कारण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक भावंडाला चारात एक संधी. आणि इतिहास घेताना 'आईवडील नात्यातले का' हा प्रश्न असायचाच.

आकडेमोड

ताईंनी नेमकं बोट ठेवलं. तीन गोष्टी आहेत, शेवटची माझ्या आवडीची.

समजा शहरात दोन सारखे गट आहेत. एकात बिघडलेल्या एचची फ्रिक्वेन्सी ०.०२, दुसऱ्यात शून्य. सरासरी ०.०१. पण रुग्ण? पहिल्या गटात ०.०००४, दुसऱ्यात शून्य, सरासरी ०.०००२. म्हणजे ५,००० मध्ये एक. याचं वर्गमूळ काढलंत तर ०.०१४ येईल. खरी सरासरी ०.०१. वर्गमूळाने आकडा ४० टक्क्यांनी फुगवला, आणि जो आला तो ना या गटाचा, ना त्या गटाचा.

नात्यातली लग्नं. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे काही घराण्यांत रीतच होती. अशा जोडप्याच्या मुलासाठी क्यू² मध्ये एफ × पी × क्यू मिळवावं लागतं, आणि एफ, म्हणजे एकाच पूर्वजाची तीच प्रत मुलाला दोन्हीकडून मिळण्याची शक्यता, असतो १/१६. ०.०००१ मध्ये ०.०००६२ मिळवा, ०.०००७२. म्हणजे १०,००० मध्ये एक नव्हे, सुमारे १,४०० मध्ये एक. ॲलील तितकीच, रुग्ण सातपट. रुग्ण पाहून उलट दिशेने वर्गमूळ काढणारा मात्र म्हणेल की ॲलीलच जास्त आहे.

आणि चूक किती ते. १०,००० लोक तपासून एक रुग्ण सापडला असं धरू. वर्गमूळाने आलेल्या क्यूची स्टँडर्ड एरर (अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो ते) म्हणजे (१ − क्यू²) भागिले ४एन, त्याचं वर्गमूळ; एन म्हणजे तपासलेली माणसं. येते ०.००५. अंदाज ०.०१ आणि एरर त्याच्या निम्मी! याच १०,००० जणांची डीएनए तपासणी करून वाहक थेट मोजले असते तर पीक्यू भागिले २एन, त्याचं वर्गमूळ, ०.०००७. सातपट नेमकं. वाहक दिसणं किती मोलाचं असतं ते इथे कळतं. थॅलसेमियात ते सुख आहे. बीटा थॅलसेमियाचा वाहक एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) वरून ओळखता येतो, तो साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेलेला असतो. म्हणून तिथे कुणी वर्गमूळ काढत बसत नाही. आणि तिथेही सिंधी आणि लोहाणा समाजात प्रमाण जास्त, इतरत्र कमी. उल्हासनगर आणि गिरगाव एकत्र करून काढलेली सरासरी समुपदेशनाला काय कामाची? तसंच सिकलसेलचं. नंदुरबार-गडचिरोलीचे आकडे 'महाराष्ट्राची सरासरी' म्हणून छापले की नंदुरबारचा प्रश्न लहान दिसतो आणि पुण्याचा उगाच मोठा.

कांदाभजी

आर्ट्सवाली आहे, हसू नका. ओ ग्रुप रिसेसिव्ह ना? म्हणजे दबलेला. मग आमच्या बिल्डिंगच्या शिबिरात ओ पॉझिटिव्हवाल्यांची एवढी रांग कशी? ए आणि बी डॉमिनंट आहेत तर त्यांनी आत्तापर्यंत ओला संपवायला नको होतं?

आकडेमोड

हसणार कसं? हाच प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पडला होता. १९०८ च्या सुमारास संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी आखूड बोटांच्या डॉमिनंट गुणाबद्दल शंका काढली की मग तीन-चतुर्थांश लोकांची बोटं आखूड का होत नाहीत. जनुकशास्त्रज्ञ पनेट यांना उत्तर सुचेना, त्यांनी ते गणितज्ञ हार्डींना विचारलं. हो, रामानुजनना बोलावून घेणारे तेच हार्डी. पनेट आणि हार्डी क्रिकेट एकत्र खेळायचे. हार्डींनी पाढ्यांच्या तोडीचं गणित करून सायन्स मासिकाला पत्र धाडलं. त्याच वर्षी त्यांच्या काही महिने आधी स्टुटगार्टचे डॉक्टर वाइनबर्ग यांनी हेच मांडलं होतं, पण जर्मनमध्ये, त्यामुळे त्यांचं नाव जोडलं जायला १९४३ उजाडलं.

डॉमिनंट म्हणजे जोडीत कोण दिसतो एवढंच. संख्येशी त्याचा संबंध नाही. तुमच्या शिबिराचंच गणित करू, आकडे माझे. समजा ४०० जण आले: ओ १४४, ए ८१, बी १४५, एबी ३०. ओ म्हणजे ०.३६, वर्गमूळ ०.६०, ही ओ ॲलील. बी आणि ओ मिळून २८९, म्हणजे ०.७२२५, वर्गमूळ ०.८५, १ मधून वजा केलं की ०.१५, ही ए ॲलील. तसंच ए आणि ओ मिळून २२५, ०.५६२५, वर्गमूळ ०.७५, वजा करून ०.२५, ही बी. बेरीज १. ही बर्नस्टाइन यांची रीत, १९२० च्या दशकातली. गंमत बघा, रांगेत सगळ्यात जास्त माणसं बीची, पण ॲलीलमध्ये ओ ०.६०. बी लिहिलेल्या बहुतेकांच्या खिशात एक ओ आहेच.

लाल_शाई

आपल्याकडे बी जास्त हे जुनंच निरीक्षण. हिर्झफेल्ड दांपत्याने पहिल्या महायुद्धात सलोनिकीला वेगवेगळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले, त्यात भारतीयांत बी सगळ्यात ठळक निघाला. १९१९ चं काम.

पण कांदाभजी, शिबिराच्या रजिस्टरवरून फ्रिक्वेन्सी काढू नका बरं. बाप, लेक, दोन काका एकत्र येतात, एकच ॲलील चार वेळा मोजली जाते. शिवाय ओ निगेटिव्हवाल्याला आम्हीच फोन करकरून बोलावतो.

तिसरं_वर्ष

सगळ्यांचे खूप आभार, जर्नल लिहून झालं. पार्टनरने डिग्री ऑफ फ्रीडम खोडून १ केलं. फक्त व्हायवाची भीती आहे. पुढचं गणित रंगांधळेपणाचं आहे: पुरुषांत ८ टक्के, तर स्त्रियांत किती? मी ०.०८ चा वर्ग करून ०.६४ टक्के लिहिलंय. पुरुषांकडे एकच एक्स, म्हणून त्यांची टक्केवारी हाच क्यू, वर्गमूळ नाहीच. बरोबर ना?

लाल_शाई

बरोबर. पारशी समाजात जीसिक्सपीडीची (एक एन्झाइम, त्याचंही जनुक एक्सवर) कमतरता जास्त दिसते, तिथेही हाच हिशेब, पुरुष मोजायचे.

आकडेमोड

जर्नलला ०.६४ ठीक. व्हायवाला कुणी खोदलं तर हे माहीत असू दे. ऑस्लोच्या शाळांत वालर यांनी हजारो मुलं तपासली होती, १९२७ साली. मुलगे ८ टक्के, मुली मात्र ०.४४, ०.६४ नव्हे.

तिसरं_वर्ष

मग नियम चुकला?

आकडेमोड

नियम नाही, बेरीज. एक्सवर लालचं जनुक वेगळं आणि हिरव्याचं वेगळं. ८ टक्क्यांत साधारण २ टक्के लालवाले, ६ टक्के हिरवेवाले. एका एक्सवर लालचा दोष आणि दुसऱ्यावर हिरव्याचा, अशा मुलीकडे दोन्हींची एकेक चांगली प्रत असते, तिला रंग नीट दिसतात. म्हणून वर्ग वेगवेगळे करायचे: ०.०२² + ०.०६² = ०.०००४ + ०.००३६ = ०.००४०. म्हणजे ०.४० टक्के. वालरच्या ०.४४ शेजारी ठेवून बघ.